साबणवाल्याच्या विद्यापीठाचा नारळ

कोंडाजी घाऱ्यांचा सोपान अमेरिकेहून इंजिनियर होऊन येतोय ही बातमी कामशेत स्टेशनावर त्याच्या आधी पोचली आणि तिनं थोडा घोटाळा करून ठेवला. त्याला उतरवून घ्यायला करंजवाडीची जी माणसं आली होती, त्यांची समजूत अशी की इतकी वर्षं सायबाच्या मुलखात काढलेला माणूस निदान कोपरापर्यंत तरी गोरा होऊन येईल. सोपान गेला होता तसाच सावळा परत आला. पायात बूट होते, पण बूट काय, लोणावळ्याच्या बंगल्यांवरचे माळीसुद्धा घालत. माणसं जराशी हिरमुसली आणि बैलगाडीच्या मागं गुमान चालू लागली.

कोंडाजीनं मात्र पोराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्याला सांगितलं, "उंची वाढलीया." सोपान तेव्हा सत्ताविशीत होता. त्या वयात कुणाची उंची वाढत नाही हे कोंडाजीला जनावरांवरून पक्कं ठाऊक होतं. पण एकोणीसशे सव्वीस सालच्या त्या हिवाळ्यात त्याला पोरगा उंच दिसत होता, आणि दिसतं ते सांगायला काय हरकत?

सोपान अमेरिकेला का गेला याचं झुंबरबाईचं, म्हणजे त्याच्या आईचं, उत्तर सरळ होतं: बापाला एक प्रश्न आला नाही म्हणून. लोणावळ्याच्या अंगाला धरणं बांधत होते तेव्हा कोंडाजी तिथं गाडीनं दगड ओढत असे आणि पोराला बरोबर नेत असे. मावळात पडलेलं पाणी तळ्यात साठवायचं, नळांतून घाटाखाली सोडायचं, तिथं त्याची वीज व्हायची आणि ती मुंबईला जायची. पाऊस मावळचा, पाणी मावळचं आणि मावळात मात्र रॉकेलची चिमणी. पोरानं एकदा विचारलं, "आबा, पाण्याची वीज कशी हुती?" कोंडाजी म्हणाला, "इचारून सांगतो." त्यानं मुकादमाला विचारलं, मुकादमानं आणखी कुणाला तरी विचारलं, आणि ते उत्तर यायला पुढं बरीच वर्षं आणि एक विद्यापीठ लागलं.

विद्यापीठही काही ठरवून निवडलेलं नव्हतं. पुण्यातल्या एका फंडानं बोटीचं भाडं आणि फी द्यायचं कबूल केलं, सोपाननं अमेरिकेत चार-पाच ठिकाणी लिहिलं आणि उत्तर एकाच ठिकाणाहून आलं. ते विद्यापीठ एका साबणाच्या व्यापाऱ्यानं मरताना आपली दौलत देऊन काढलेलं होतं. त्याचं खरं नाव मावळी जिभेला झेपणारं नव्हतं. गावानं दोन-तीनदा प्रयत्न केला आणि मग 'साबणवाल्याचं विद्यापीठ' असं नाव ठेवून विषय मिटवला.

पोरगा गेला त्या दिवशी कामशेतच्या फलाटावर कोंडाजी सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाला होता, "मागं फिरून बघू नगंस. हितं काय ठिवलंय?" हे वाक्य गावाला फार आवडलं. कोंडाजी मोठ्या काळजाचा माणूस आहे असं सगळीकडं झालं. पाटलानं ते लग्नाकार्यात दोन-तीनदा वापरलंसुद्धा. फक्त झुंबरबाईला ठाऊक होतं की हे वाक्य बोलणारा माणूस घरी आल्यावर गोठ्यात जाऊन बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

आता तेच वाक्य कोंडाजीच्या घशात अडकलं होतं.

झालं असं. सोपान पदवीची सुरळी घेऊन मुंबईच्या एका कचेरीत जागेसाठी गेला. कचेरीनं सुरळी उलगडली, उजेडाला धरली आणि पुन्हा गुंडाळून दिली. विद्यापीठ खाजगी आहे आणि सरकारनं मान्य केलेल्यांत त्याचं नाव नाही, सबब इंजिनियर म्हणून घेता येत नाही. दुसऱ्या कचेरीत गेला, तिथंही तेच सांगितलं. तिसऱ्या कचेरीतल्या हेडक्लार्कनं तर साबण कुठल्या वासाचा असायचा असं विचारलं.

सोपाननं हे घरी सांगितलं तेव्हा कोंडाजीला रागापेक्षा नवल जास्त वाटलं. खाजगी म्हणजे काय, असं त्यानं नीट विचारून घेतलं. सरकारनं न काढता एखाद्या माणसानं स्वतःच्या पैशानं काढलेलं, असं कळल्यावर तो विचारात पडला. गावातल्या विहिरी खाजगी होत्या. बैल खाजगी होते, आंब्याची झाडं खाजगी होती, बायकापोरंही खाजगीच. सरकारी म्हणावं असं करंजवाडीत फक्त चावडी आणि कोंडवाडा, आणि कोंडवाड्याबद्दल कुणाचंही मत चांगलं नव्हतं. तेव्हा खाजगी असण्यात कमीपणा कसला, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

खरी अडचण पुढं होती. आफ्रिकेत मोंबाशाला एक गुजराती व्यापारी मोठी गिरणी टाकत होता, तिला विजेचा जाणकार हवा होता आणि तिथं पदवीची कुणी चौकशी करत नव्हतं. सोपाननं होकार कळवला. चैत्रातली भैरवनाथाची जत्रा झाली की बोट.

झुंबरबाई म्हणाली, "तुमी एकदा ऱ्हा म्हना त्याला."

"म्या कसं म्हनू?" कोंडाजी म्हणाला. "माझंच वाक्य हाय ते. पाटील सुदीक बोलून दावतो."

"मंग त्ये वाक्य मोंबाशाला धाडा आन् पोरगा हितं ठिवा."

कोंडाजीला ही सोय पटली, पण जमण्यासारखी नव्हती. तो आठवडाभर बांधावर बसून विचार करत राहिला. बोलायचं तर नाही आणि पोरगा जाऊ तर द्यायचा नाही, असा काहीतरी मार्ग हवा होता. आणि एके दिवशी तो त्याला देवळासमोर उभा असताना सापडला.

करंजवाडीच्या जत्रेत पालखी निघायच्या आधी मानाचे नारळ होत. भिमाजी गुरव देवळाच्या पायरीवर उभा राहून एकेका घराचं नाव पुकारी. पाटलाचा मान, चौगुल्याचा मान, सुताराचा मान, मुलाण्याचा मान असं करत नारळ हातात पडत. पण हा मान फुकटचा नव्हता. मान तसं काम. सुतारानं पालखीचा दांडा सांभाळायचा, चौगुल्यानं तेल पुरवायचं, मुलाण्यानं बोकडाचं बघायचं. त्यातला एक मान दिवटीचा होता. दिवटी म्हणजे पालखीपुढं धरायचा तेलात भिजवलेला पलिता; ज्याच्याकडं तो मान, त्यानं जत्रेत ती धरायचीच, शिवाय दर रविवारी दिवेलागणीला देवळात नेऊन पाजळायची. रविवार चुकवला तर मान गेला. हा मान ज्या घराकडं होता ते घर अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत सगळंच्या सगळं संपलं. तेव्हापासून दिवटी ज्याचा हात मोकळा असेल तो धरी, आणि कुणाचंच काम नसल्यानं ती कुणी नीट धरत नसे. एका वर्षी पालखी सरळ पाटलाच्या उकिरड्यात शिरली होती.

कोंडाजीनं गावकी बसवायला सांगितली.

देवळापुढच्या पिंपळाखाली दुपारची गावकी बसली. मधोमध महिपती पाटील. पाटील वाईट माणूस नव्हता. फक्त आपलं चुकलं असं तो आजवर कधी म्हणाला नव्हता, आणि आता या वयात सुरुवात करायचा त्याचा विचारही नव्हता. त्याच्या डाव्या हाताला भिमाजी गुरव, उजव्या हाताला अल्लाबक्ष मुलाणी. अल्लाबक्षची कामशेतला भात भरडायची गिरणी होती, त्यामुळं तो बोलताना नेहमी जरा ओरडूनच बोले. बायका ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. सोपान बापाच्या मागं उभा होता आणि आपल्याला कशासाठी बोलावलंय हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

कोंडाजी उठला. "पोराच्या इद्यापीठाला सरकारनं मान्य केलं न्हाई," तो म्हणाला. "सरकारचं सरकार बघंल. आपल्याकडं दिवटीचा मान मोकळा पडलाय. तो म्या म्हंतो, त्या इद्यापीठाला द्यावा."

ओट्याकडच्या बायकांत कुजबुज झाली आणि झुंबरबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला.

पाटलानं सावकाश विचारलं की ते विद्यापीठ कधी करंजवाडीला आलंय का. कोंडाजी म्हणाला, देव तरी कुठं अमेरिकेला गेलाय. मग दिवटी धरणार कोण, असं पाटलानं विचारलं. त्यावर कोंडाजीनं तयारच ठेवलेलं उत्तर दिलं: विद्यापीठ लांबचं, सबब त्याच्या वतीनं त्याचा माणूस धरील. त्या विद्यापीठाचा आख्ख्या मावळात एकच माणूस आहे. जत्रेला धरील आणि दर रविवारी धरील.

हे ऐकून मागं सोपाननं मान खाली घातली. तो रडतोय की हसतोय हे पुढून कुणाला दिसलं नाही.

भिमाजी गुरवाला धर्माची शंका होती. ते लोक क्रिस्ताव, त्यांना भैरवनाथाचा नारळ कसा चालेल? अल्लाबक्ष गिरणीच्या आवाजात म्हणाला, "गुरव, माझ्या आज्यापास्नं आमी नारळ घेतोय. देवानं आजवर इचारलं न्हाई, तुमी कुटं मधीच इचारताय?" भिमाजीनं शंका मागं घेतली. जे देवाला चालतं त्यावर गुरवानं हरकत घेतलेली बरी दिसत नाही.

पण पाटील पाटील होता. एवढ्या सहजी गावाचा मान कुणाला दिला असं व्हायला नको. तो म्हणाला, नवा मानकरी घ्यायचा तर त्याची वागणूक बघायची ही गावाची रीत आहे. विद्यापीठाची वागणूक बघायला अमेरिकेला कोण जातंय? पोराला विचारू. त्यानं देवळासमोर उभं राहून खरं ते सांगावं. "आपला पोरगा तितं परका हुता," पाटील म्हणाला. "परक्या पोराशी ती मान्सं कशी वागली, त्येवढं सांग. यंत्राबिंत्राचं नगं, ते आमाला कळत न्हाई."

कोंडाजी निर्धास्त झाला. पोराची पत्रं त्यानं चावडीवर वाचून घेतली होती. मी मजेत आहे, हवा थंड आहे, लोक चांगले आहेत. परीक्षा पास झाल्यात जमा होती.

सोपान पुढं आला, पायातले बूट काढून बाजूला ठेवले, देवळाकडं एकदा बघितलं आणि खरं सांगू लागला.

राहायला खोली मिळेना, तिथून त्यानं सुरुवात केली. दारावर खोली भाड्यानं आहे अशी पाटी असायची, तो दार वाजवायचा, बाई त्याच्या तोंडाकडं बघायची आणि खोली आत्ताच गेली म्हणून सांगायची. वळून बघावं तर पाटी तिथंच. असं पंधरवडाभर चाललं. एक दिवस थंडीनं कान दुखायला लागले म्हणून त्यानं ट्रंकेतला फेटा काढून बांधला, कानावरून घेऊन बांधला, आणि त्याच गल्लीत त्याच दारावर त्याच बाईनं त्याला आत घेऊन चहा दिला. फेटा बघून तिला वाटलं हा कुठल्या तरी संस्थानचा राजा आहे. राज्य कुठं, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, बेडश्याच्या लेण्यांपासून पवनेच्या काठापर्यंत.

पाटलानं इथं घसा खाकरला. तेवढा मुलूख त्याचा होता.

पुढं तीन वर्षं हा राजा स्वतःचे कपडे स्वतः धूत होता, सोपान म्हणाला, आणि फी फंडाकडून असली तरी पोटाचं ज्याचं त्यानं बघायचं म्हणून विद्यापीठाच्या खानावळीत भांडी घासत होता. फेटा काढून घासायचा, म्हणजे राज्याची अब्रू जायला नको. बायकांत मोठा गलका झाला. घरात ज्यानं कधी पाण्याचा तांब्या जागेवर ठेवला नाही त्यानं परमुलखात खरकटी काढली, हे झुंबरबाईनं शेजारणीला दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता. खाण्याचे हालच होते. ताटात गाय यायची. मग तो मक्याचं पीठ घेऊन त्याचं पिठलं करायचा, आणि ते पिठल्यासारखं लागावं म्हणून डोळे मिटून खायचा.

न्हावी केस कापत नसत. वर्गात एक चिनी पोरगा होता, त्याचीही तीच गत. शेवटी त्यानं ह्याचे कापले आणि ह्यानं त्याचे. पहिल्या महिन्यात दोघंही टोपी घालून वर्गात बसले. मास्तर बोलायचे ते कळायचं नाही, हा बोलायचा ते पोरांना हसायला पुरायचं. नागाला दूध कसं पाजता, असं कुणीतरी रोज विचारायचं. याच्या बाकावर कुणी बसत नसे. पहिल्या परीक्षेचा निकाल लागल्यावर मात्र तीन जण येऊन बसले.

"बरं मंग," पाटील म्हणाला. त्याच्या स्वरावरून हिशेब विद्यापीठाच्या विरुद्ध चालला होता. कोंडाजीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. हे पत्रात नव्हतं.

मग सोपान हिवाळ्याकडं आला. नाताळात विद्यापीठ बंद व्हायचं. पोरं आपापल्या घरी जात, इमारतींना कुलपं लागत, गरम पाण्याच्या नळांनी खोल्या तापवायची भट्टी विझवत. घरमालकीणसुद्धा लेकीकडं जाई. कुणी वाईट मनानं करत नव्हतं. एखाद्याचं घर समुद्रापलीकडं असू शकतं आणि सुट्टीत तो तिथं जाऊ शकत नाही, हे कुणाच्या ध्यानातच येत नसे. पहिल्या हिवाळ्यात हा, तो चिनी, एक जपानी आणि एक फिलिपिनो अशा चौघांनी सुट्टीभर रेल्वे स्टेशनावरच्या मुसाफिरखान्यात मुक्काम केला. बाहेर गुडघाभर बर्फ. आत बसायचं तर गाडीची वाट बघणारा उतारू पाहिजे, म्हणून प्रत्येक गाडी आली की चौघं ट्रंका उचलून फलाटावर जायचे, गाडी गेली की 'ही आपली नव्हे' असं तोंड करून परत यायचे.

गावकीत हसू पिकलं आणि अर्ध्यातच थांबलं.

कोंडाजीला त्या हिवाळ्यातलं पत्र तोंडपाठ होतं. इथे बर्फ फार सुंदर दिसतो, असं त्यात होतं. ते त्यानं चावडीवर दोनदा वाचून घेतलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बर्फाचं वर्णन सांगितलं होतं. आता तो जमिनीकडं बघत राहिला.

"दुसऱ्या हिवाळ्यातबी तसंच?" पाटलानं विचारलं.

दुसऱ्या हिवाळ्यातही चौघं तिथंच गेले, सोपान म्हणाला. पण त्या वेळी विद्यापीठाचे मुख्य गुरुजी गाडी पकडायला स्टेशनावर आले. त्यांनी चौघांना ट्रंकांसकट बघितलं आणि विचारलं, तुमची गाडी कुठली? चिनी पोरगा म्हणाला, आमची गाडी नाहीच. म्हातारा तसाच उभा राहिला. त्याची गाडी आली आणि त्याच्यासमोरून निघून गेली. मग त्यानं चौघांना बर्फातून परत नेलं, स्वतः किल्ली लावून एक घर उघडलं, भट्टी पेटवणाऱ्याला घरून बोलावून घेतलं. सुट्टी संपल्यावर सगळं विद्यापीठ जमलं तेव्हा त्यानं उभं राहून सांगितलं की चूक आमची झाली, परक्या मुलखातून पोरं बोलवली आणि ती सुट्टीत कुठं जातात हे आम्ही विचारलं नाही. त्या वर्षापासून ते घर हिवाळाभर उघडं असतं. चौघांना त्यानं एकेक किल्ली दिली आणि सांगितलं, जवळ ठेवा, कधीही आलात तर दार वाजवायला लागू नये.

"कुटं हाय किल्ली?" पाटलानं विचारलं.

सोपाननं खिशातून काढून दिली. पितळेची साधी किल्ली होती. पाटलानं ती तळहातावर घेऊन बघितली, अल्लाबक्षकडं दिली, अल्लाबक्षनं भिमाजीकडं, भिमाजीनं कोंडाजीकडं. कोंडाजीच्या हातात ती सगळ्यांत जास्त वेळ राहिली. ओट्याकडच्या बायकांनी मागितली तेव्हा ती गरम झाली होती.

"म्हंजे सगळ्यांम्होरं म्हनला," पाटलानं पुन्हा विचारलं, "की आमचं चुकलं?"

"व्हय."

"येवढा मोठा मानूस?"

"व्हय, पाटील."

"आन् त्या मुंबईच्या कचेरीनं म्हनलं का कदी?"

"न्हाई."

पाटील बराच वेळ पिंपळाच्या फांद्या बघत बसला. जी गोष्ट आपल्याला साऱ्या जन्मात जमली नाही ती दुसरा कुणी करून बसलाय हे पचवायला माणसाला वेळ लागतो. मग तो म्हणाला, "मान्य. दिवटी त्या इद्यापीठाची."

अशा रीतीनं साबणवाल्याचं विद्यापीठ करंजवाडीनं मान्य केलं. सरकारपेक्षा गावाला वेळ कमी लागला आणि चौकशी मात्र जास्त झाली.

कोंडाजीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोराचं विद्यापीठ मानाला बसलं, आणि वर पोरगा दर रविवारशी बांधला गेला, एका दगडात... पण तेवढ्यात पाटलानं उठता उठता पुढचं वाक्य टाकलं. तो म्हणाला, सोपान मोंबाशाला जातोय ते गावाला ठाऊक आहे, त्याची अडचण कुणी करू नये. मानकरी नसेल तर त्याच्या रक्ताचा माणूस उभा राहिला तरी चालतं, ही रीत जुनी आहे. पहिली जत्रा सोपान करील, पुढं बाप धरील. "काय कोंडाजी? तूच म्हनला हुतास, मागं फिरून बघू नगंस."

पाटील हे चांगल्या मनानं बोलला, हीच त्यातली वाईट गोष्ट होती. सगळं गाव कोंडाजीकडं कौतुकानं बघत होतं.

"धरीन की," कोंडाजी म्हणाला. "पोरानं बिनघोर जावं."

घरी जाताना झुंबरबाई त्याच्या मागून चालत होती. तिनं काही विचारलं नाही. गोठ्याच्या दाराशी आल्यावर एवढंच म्हणाली की आज म्हशीला जरा लवकर सोडा, तिलाही कंटाळा येतो तुमचं ऐकून घ्यायचा.

जत्रेपर्यंतच्या दिवसांत सोपान गावात फारसा दिसला नाही. सकाळी निघायचा आणि ओढ्याच्या अंगानं डोंगराकडं जायचा. चैत्रात ओढ्याला पाणी नसतं, नुसते धोंडे. हा एकेका धोंड्यावर उभा राहून वर बघायचा, खाली बघायचा, दोरी टाकून मापं घ्यायचा. दोनदा अल्लाबक्ष त्याच्याबरोबर होता. कोंडाजीला वाटलं, पोरगा गाव डोळ्यांत भरून घेतोय. तो त्या बाजूला गेलाच नाही.

जत्रेच्या संध्याकाळी भिमाजी गुरव पायरीवर उभा राहिला. पाटलाचा मान झाला, चौगुल्याचा झाला, सुताराचा झाला, मुलाण्याचा झाला. मग भिमाजीनं छाती भरून घेतली आणि आजवर त्या पायरीवरून कुणी दिली नव्हती अशी हाळी दिली. साबणवाल्याच्या विद्यापीठाचा मान. सोपान पुढं झाला. डोक्याला तोच फेटा होता, कानावरून न घेता बांधलेला. उजव्या हातात दिवटी, डाव्या हातात नारळ. शेजारपाजारच्या गावांहून आलेल्या माणसांनी हे कुठलं घराणं म्हणून चौकशी केली. करंजवाडीकरांनी त्यांना जरा वरच्या पट्टीतच सांगितलं की तुमच्याकडं नसेल, आमच्याकडं आहे.

पालखी उठली. सोपान पुढं, दिवटीचा उजेड वाटेवर स्वच्छ पडलेला, आणि पालखी उकिरड्याला लांबून वळसा घालून सन्मानानं गेली. कोंडाजी पोराच्या मागं दोन पावलांवर चालत होता. शिवेवर पोचल्यावर दिवटी आपल्या हातात घ्यायची असं ठरलं होतं, म्हणजे गावाला पुढच्या दिवटीवाल्याची ओळख होते. शीव आली. कोंडाजीनं हात पुढं केला.

सोपाननं नारळ उजव्या हातात घेतला, दिवटी डाव्या हातात घेतली आणि चालत राहिला.

कोंडाजीला वाटलं पोराच्या ध्यानात नाही. तो कानाशी जाऊन म्हणाला, "आन हिकडं. शीव आली."

"असू द्या, आबा."

पालखी परत देवळात आली. दिवटी वर्षभर कुणाच्या घरी राहणार ते गुरवानं विचारायचं असतं आणि मानकऱ्यानं सांगायचं असतं. भिमाजीनं विचारलं.

"माझ्या," सोपान म्हणाला. "येत्या रविवारी मीच आनतो."

कोंडाजी आधी पाटलाकडं बघायला लागला, मग बायकोकडं, आणि कुणाकडूनच काही मिळेना तेव्हा पोराकडं. "आन् मोंबासा?"

"मोंबाशाला आपल्याला कोन वळखतंय, आबा?" सोपान दिवटी राखेत विझवत म्हणाला. "फिरून फेटा बांधून राजा व्हायचा कंटाळा आलाय. त्याला पत्र धाडलंय कालच."

कोंडाजीला बोलायचं होतं, पण त्याच्याकडं मोठ्यानं बोलायचं एकच वाक्य होतं आणि ते इथं चालण्यासारखं नव्हतं.

"आन् तुमी गाठ बांधलीत ती कच्ची हुती," सोपान हळूच म्हणाला. "पाटलानं लगीच सोडली. म्या पुन्यांदा बांधून घेतली."

"कसली गाठ?" कोंडाजी म्हणाला. "काय बोलतूस? देवाच्या दारात हाय आपुन." आणि उगाचच फेटा सारखा करत तो अंधाराच्या बाजूला जाऊन उभा राहिला. झुंबरबाईनं त्याला तिथं राहू दिलं.

पुढच्या पावसाळ्यात ओढा भरून वाहायला लागला तेव्हा धोंड्यांवर घेतलेल्या मापांचा उलगडा झाला. सोपाननं डोंगरातून नळ खाली आणला, त्याखाली लोखंडी चाक बसवलं, चाकाला वीज करायचं यंत्र जोडलं आणि अल्लाबक्षनं शेजारी भरडायची नवी गिरणी टाकली. घाटाखाली गेल्याशिवाय पाण्याची वीज होत नाही अशी जी सगळ्यांची समजूत होती ती करंजवाडीत संपली. देवळात एक दिवा लागला. भिमाजीनं त्यावरही गावकी बसवली, काचेतला दिवा दिवटी धरावा का म्हणून, आणि ठरलं असं की पाऊस असेल तोवर तो चालेल. चैत्रात ओढा आटतो, तेव्हा जत्रेला पलिताच हवा. म्हणजे सोपानला सुट्टी अशी नाहीच. दिव्याखाली उभं राहून कोंडाजी येणाऱ्याला पाण्याची वीज कशी होते ते समजावून सांगे. सांगण्यात चुका असत, पण उत्तर द्यायचं त्यानं कबूल केलेलं होतं.

राहता राहिला नारळ. तो मानाचा होता आणि मान विद्यापीठाचा होता, त्यामुळं घाऱ्यांच्या घरात तो फोडणं बरोबर नाही असं पाटलाचं मत पडलं. सोपाननं तो फडक्यात शिवून, लाकडी खोक्यात घालून अमेरिकेला पाठवला आणि सोबत सगळी हकिकत लिहिली. पावसाळा संपता संपता मुख्य गुरुजींचं उत्तर आलं. आपल्या विद्यापीठाला आजवर बऱ्याच संस्थांनी मान्यता दिली, पण कामासकट कुणी दिली नव्हती, असं त्यांनी लिहिलं होतं. विद्यापीठ आपलं काम विसरणार नाही, ते घर यंदाच्या हिवाळ्यातही उघडं राहील, आणि नारळ दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवला आहे, समोर पाटी लावून.

पत्र चावडीवर वाचलं गेलं. पाटलानं ते दोनदा वाचायला लावलं. कोंडाजी घरी आला तो रस्ताभर मान वर करून, आणि ओसरीवर बसून त्यानं झुंबरबाईला सगळं सांगितलं, कपाटासकट.

झुंबरबाई चुलीपुढून उठून दारात आली.

"कपाटात?" ती म्हणाली. "येवढी शिकलेली मान्सं, आन् परसाद फोडून पोरांना वाटायचं कुनाला सुचलं न्हाई? सोपान, लिव त्यांला. म्हनावं, जत्रेला दुसरा धाडतो. ह्यो खाऊन टाका."